ट्रक-ट्रेलरच्या सोबतीनं गाडी चालवताना: हायवेवर नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

माझा मामा सांगलीहून वाशीच्या मार्केटला हळद आणि बेदाणा न्यायचा. मी आठवीत असताना एकदा त्यानं मला उभ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि म्हणाला, "मी खाली उतरून गाडीभोवती चालतो. मी दिसायचा बंद झालो की हाक मार." तो बंपरसमोर आला आणि त्याची टोपीसुद्धा काचेच्या कडेखाली गेली. मी हाक मारली. मग तो डाव्या बाजूला गेला. क्लीनरच्या दाराला जवळजवळ खेटून चालत होता, तरी मला ना तो दिसला, ना त्याची सावली. हौद्याच्या मागं गेला तेव्हा तर तो गावाला गेल्यासारखाच होता.

मी लहान आहे, उंची कमी, म्हणून असं झालं असेल असं तेव्हा वाटलं. लायसन्स मिळाल्यावर पुन्हा एकदा बसून बघितलं. तेच.

नवीन गाडी शिकलेल्या कुणालाही मी हायवेवर नेण्याआधी हे सांगते. ट्रकवाले बेदरकार असतात, ट्रक बघितला की लांब राहा, एवढं ऐकून कुणी काही शिकत नाही. त्याला तुम्ही कुठे दिसत नाही आणि त्याची गाडी कुठे थांबत नाही, या दोन गोष्टी नीट कळल्या की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं.

आधी हे बघा: त्याला काय दिसतं

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवी बाजू त्याला त्यातल्या त्यात बरी दिसते आणि डावी बाजू सगळ्यात वाईट. डाव्या दारापासून मागं, बाजूच्या लेनपर्यंत पसरत जाणारा मोठा पट्टा त्याच्यासाठी कोरा असतो. समोर केबिनच्या अगदी पुढ्यातले काही मीटर दिसत नाहीत. मागचं तर काहीच नाही. तुमच्या कारमध्ये मधल्या आरशातून मागचा रस्ता दिसतो, तशा आरशाचा त्याला उपयोगच नसतो. मागं मालाची भिंत असते.

हे लक्षात ठेवायला सोपी खूण आहे. ट्रकच्या बाजूच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का, ते बघा. चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. आणि चेहरा दिसला म्हणून त्यानं तुम्हाला पाहिलंच असंही नाही. तो त्या क्षणी समोर बघत असेल. म्हणून अशा जागी रेंगाळायचं नाही. एक तर ओलांडून पुढे जा, नाहीतर मागं या. ट्रेलरच्या बाजूनं, त्याच्याच वेगानं, गाणी ऐकत दोन-तीन किलोमीटर जाणारी माणसं मी रोज बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट: तो थांबत का नाही

लहान हॅचबॅक साधारण एक टनाची असते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मालवाहू गाड्यांच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला (पुढे इंजिन-केबिन, मागं जोडलेला लांब ट्रेलर) मालासकट ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. म्हणजे तुमच्या मागं जे येतंय ते तुमच्या पन्नास गाड्या एकावर एक रचल्यासारखं आहे, आणि ते सगळं चाकांच्या काही तळहाताएवढ्या पट्ट्यांवर टेकलेलं असतं.

त्यात त्याचे ब्रेक हवेचे. तुमच्या कारमध्ये पाय पडला की तेल लगेच दाब पोचवतं. ट्रकमध्ये पायडल दाबल्यावर हवा पाइपांमधून मागच्या चाकापर्यंत पोचावी लागते आणि मग ब्रेक धरतो. हा उशीर सेकंदापेक्षाही कमी असतो, पण ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुपटीनं नाही, चौपटीनं लागते.

आता तुम्ही त्याच्यासमोर 'कट मारून' घुसता तेव्हा काय होतं, ते बघा. ट्रकसमोर जी मोकळी जागा दिसते ना, ती त्यानं थांबण्यासाठी राखलेली असते. आपल्याला वाटतं, लेन रिकामी आहे, घुसूया. घुसलात, आणि पुढच्या गाडीनं ब्रेक मारला म्हणून तुम्हीही मारलात, की मागच्या माणसाच्या हातात काही उरत नाही. त्यानं कितीही जोरात पाय दाबला तरी नाही.

अंतर किती ठेवायचं

ट्रकच्या मागं चालताना तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ट्रकनं एखादा किलोमीटरचा दगड किंवा खांब ओलांडला की मनात 'एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन' म्हणायचं. तोवर तुम्ही त्या खांबापाशी पोचता कामा नये. ८०च्या वेगाला हे सुमारे ६६ मीटर होतात. पावसात चार-पाच सेकंद.

जवळ गेलात तर दोन तोटे. एक म्हणजे पुढचा रस्ता दिसत नाही. ट्रक खड्डा चाकांच्या मधे घेऊन निघून जातो आणि तो थेट तुमच्या चाकाखाली येतो. दुसरा जास्त वाईट. कार मागून ट्रकला धडकली तर बंपर बंपरला लागत नाही. हौद्याची कड तुमच्या काचेच्या उंचीला असते. म्हणून ट्रकच्या मागं खाली आडवा दांडा लावणं बंधनकारक आहे, पण कित्येक जुन्या गाड्यांना तो वाकलेला किंवा गंजलेला दिसेल. त्याच्या भरवशावर राहू नका.

सळया भरलेला ट्रेलर समोर असेल तर अंतर दुप्पट करा. वाळूचा हायवा (मोठा डंपर) असेल आणि वर ताडपत्री नसेल तर मागं राहूच नका, काच जाईल.

ओव्हरटेक: इथं आकडेमोड करूनच बघा

नव्या चालकाची सगळ्यात मोठी चूक इथं होते, म्हणून मी कागद-पेन घेऊन हिशोब करून दाखवते. समजा दोन पदरी रस्ता आहे, मध्ये दुभाजक नाही. ट्रेलर ६०नं चाललाय, तुम्ही ८०नं. ट्रेलरची लांबी साधारण १८ मीटर, तुमची गाडी ४ मीटर. बाहेर पडताना मागं ३० मीटर ठेवलेत आणि आत येताना पुढे ३० मीटर ठेवणार. एकूण ८२ मीटर तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कापायचे आहेत. दोघांच्या वेगातला फरक ताशी २०, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. झाले १५ सेकंद. या १५ सेकंदांत तुम्ही उलट्या लेनमध्ये ३३० मीटर जाता. समोरून येणारी गाडीही ८०नं असेल तर तीही ३३० मीटर येते. म्हणजे बाहेर पडताना समोर निदान ६६० मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. अर्ध्या किलोमीटरहून बराच जास्त! वळण, चढाचा माथा, पूल यांच्या अलीकडे तो दिसत नाहीच.

हा हिशोब एकदा स्वतः करा. मग 'निघेल की' असं वाटायचं बरंच कमी होतं.

करायचंच झालं तर असं करा. आधी मागं राहून थोडे उजवीकडे सरका, म्हणजे पुढचा रस्ता दिसेल. उजवा इंडिकेटर. दिवसा छोटा हॉर्न, रात्री डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप. बाहेर पडलात की अर्धवट मन करायचं नाही. शेजारून जाताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, कारण मोठ्या ट्रेलरच्या बाजूनं जाताना हवेनं गाडी ओढल्या-ढकलल्यासारखी होते. पावसात शेजारी जायच्या आधीच वायपर जोरात लावा; त्याच्या टायरांचं पाणी आलं की दोन सेकंद काहीही दिसत नाही. ट्रकची पूर्ण केबिन, दोन्ही हेडलाइटसकट, तुमच्या मधल्या आरशात दिसेपर्यंत डावीकडे यायचं नाही.

ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो त्याचा अर्थ काय, हे बरेच जण विचारतात. कधी तो खरंच वळणार असतो, कधी 'समोरून गाडी येतेय, थांब' असं सांगत असतो, आणि काही जण त्याच दिव्यानं 'जा' म्हणतात. क्लीनरनं बाहेर हात काढून पुढे जायची खूण केली तरी तो त्याचा अंदाज आहे, डोळे तुमचेच वापरा.

हॉर्नचंही तसंच. 'हॉर्न ओके प्लीज' हे वाक्य गाडीमागं रंगवायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं ३० एप्रिल २०१५ रोजी बंदी घातली, कारण ते विनाकारण हॉर्न मारायला उत्तेजन देतं. पण सवय गेलेली नाही. सतत दाबलेला हॉर्न ट्रकवाल्याला ऐकू येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. एकदाच वाजवा, थांबा, त्याच्या हालचालीवरून त्याला कळलं का ते बघा.

चार-सहा पदरी रस्त्यावर जड गाड्यांनी डावी लेन धरायची असते. तरी उजव्या लेनमध्ये रमतगमत चाललेला कंटेनर तुम्हाला भेटेलच. डिपर देऊन थोडा वेळ थांबा. तो हलला नाही तर डावीकडून काढावं लागतं, हे खरं आहे, पण ती त्याची आंधळी बाजू आहे आणि नेमक्या त्याच क्षणी तो तुम्हाला साइड द्यायला डावीकडे यायची शक्यता असते. म्हणून डिपर दिल्या दिल्या लगेच डावीकडे घुसायचं नाही, हे पक्कं ठरवा.

दुचाकीवाल्यांनो, हे नीट वाचा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, पण बाकीच्या बहुतेक रस्त्यांवर आपण ट्रकच्या शेजारीच असतो. माझ्यावर बेतलं होतं ते एका चौकातल्या सिग्नलला. डंपर उभा होता, त्याच्या डावीकडे फूटपाथपर्यंत छान जागा होती, मी स्कूटर तिथं नेऊन उभी केली. सिग्नल सुटला. डंपर आधी उजवीकडे झुकला, मला वाटलं सरळ जाणार. आणि मग तो डावीकडे वळला. मागची चाकं माझ्या दिशेनं येत राहिली. स्कूटर सोडून मी फूटपाथवर उडी मारली. स्कूटरचं पुढचं चाक आणि फूटबोर्ड त्याच्या मागच्या चाकाखाली गेलं, आणि ड्रायव्हरला कळलं ते लोक ओरडल्यावर. तो खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मला पाणी त्यानंच आणून दिलं.

लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गानं जात नाहीत, ती आतल्या बाजूनं, कोपरा कापून येतात. गाडी जितकी लांब, तितकी जास्त आत. म्हणून अरुंद ठिकाणी डावीकडे वळायचं असलं की ड्रायव्हर आधी उजवीकडे जागा घेतो. त्यामुळे डावीकडे जी जागा मोकळी झालेली दिसते, तिथेच त्याची मागची चाकं येणार असतात. तिथं उभं राहायचं नाही. सिग्नलला ट्रकच्या मागं थांबा, किंवा पुढे जाणार असाल तर ड्रायव्हरला मान वळवून दिसाल इतकं पुढे जा. केबिनला चिकटून समोर उभं राहणंही तितकंच वाईट. मामाची टोपी आठवा.

पुलाच्या कामावर, खाणीच्या रस्त्यावर डंपर मागं येत असेल आणि 'येऊ द्या, येऊ द्या' असं म्हणणारा कुणी मागं नसेल, तर त्याच्या मागून पळत सटकायचं नाही.

घाट

घाटातला जुना नियम सगळे ट्रकवाले सांगतील: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर गाडी इंजिनानं रोखायची असते, ब्रेक फक्त मदतीला. जो सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतो त्याच्या ब्रेकचे ड्रम तापतात, आतले लायनर धरेनासे होतात, आणि वारंवार दाबल्यानं हवेचा साठाही उतरतो. त्यात डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल केलं तर इंजिनाची रोख जाते, आणि इंजिनच बंद केलं, तर हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो, कारण तो इंजिनावरच चालतो.

पुण्यात याचं उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की दरी पुलापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, आणि खाली शहराची गर्दी. २० नोव्हेंबर २०२२ ला रात्री एका जड गाडीनं इथं चाळीसहून जास्त गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा त्याच उतारावर कंटेनर सुटला, एक कार दोन जड गाड्यांमध्ये सापडून पेटली, माणसं गेली. या उतारावर तुम्ही असाल तर मागच्या आरशात बघत राहा, दोन जड गाड्यांच्या मधे सापडून थांबायचं टाळा, आणि रांग लागलेली दिसली की लांबूनच ब्रेकला हलका पाय लावून हॅझर्ड लाइट लावा, म्हणजे मागच्याला आधी कळेल. जळक्या रबरासारखा वास आला आणि शेजारच्या ट्रकच्या चाकांतून धूर दिसला, तर त्याच्या पुढ्यातून बाजूला व्हा. सतत हॉर्न वाजवत, लाइट लावून येणारा ट्रक गंमत करत नसतो. त्याला वाट द्या.

द्रुतगती मार्गाच्या बोर घाटात कारसाठी वेगमर्यादा ताशी ६० आहे, सपाटीवर १००. चढणीला ट्रक माणूस चालतो तितक्या वेगानं जाताना दिसतील. त्यांच्या मागं अडकलात तर अडकून राहा, दहा मिनिटं जातील. चढणारा ट्रक एकदा थांबला की पुन्हा उचलणं अवघड असतं, म्हणून एकेरी अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायदाही आहे आणि रीतही. चढावर थांबलेल्या ट्रकच्या मागं निदान दीड-दोन गाड्यांची जागा सोडा. सुटताना तो थोडा मागं घसरतो.

जुन्या रस्त्यानं खोपोलीहून खंडाळ्याकडे चढलात तर शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. मामा तिथं नाणं टाकायचाच, आणि गाडी थांबली असेल तर टायरांवर हात फिरवून कुठलं तापलंय ते बघायचा. मला त्या दोन्ही गोष्टी एकाच पूजेच्या वाटायच्या.

रात्र, आणि रस्त्यावरच्या फांद्या

रात्री चालत्या ट्रकपेक्षा उभा ट्रक घातक. रस्त्यात बाभळीची किंवा निरगुडीची फांदी, ओळीनं ठेवलेले दगड, टायरचा तुकडा दिसला, तर तो कचरा समजू नका. पुढे गाडी बंद पडली आहे, हे सांगायची ती आपल्याकडची खूण आहे. लगेच वेग कमी करा, आणि उजवीकडे सरकायच्या आधी मागं बघा. नियमाप्रमाणे मोठ्या गाड्यांना मागं लाल, बाजूला पिवळी चमकणारी पट्टी हवी. लाल चमक दिसली आणि ती भराभर मोठी होत चालली, तर समोरची गाडी उभी आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखाने सुरू झाले की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो. ट्रॉलीला दिवा नसतो, ऊस बाजूला लोंबतो, आणि एक ट्रॉली ओलांडून तुम्ही आत यायला जाता तेव्हा कळतं की ती पहिली नव्हती, मागची होती. या दिवसांत अंधार पडल्यावर या भागात ६०च्या वर जाऊ नका. बैलगाडीही असते, तिला तर पट्टीसुद्धा नसते.

पहाटेची वेळ मी टाळते. रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाचे डोळे तेव्हाच मिटतात, त्याचेही आणि आपलेही. माजी आमदार विनायक मेटे यांचा १४ ऑगस्ट २०२२ रोजी द्रुतगती मार्गावर पहाटेच अपघाती मृत्यू झाला, त्यांची गाडी मालवाहू ट्रकवर आदळली. ट्रकची केबिन उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन बंधनकारक झाली, ही फार दिवसांनी झालेली चांगली गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्या तशाच आहेत. लेनमध्ये डुलत चाललेला ट्रक दिसला तर त्याच्याशी भांडायला जाऊ नका, मागं राहा.

टँकर उलटला, गाडी बंद पडली

टँकर उलटलेला दिसला तर लांब थांबा, वाऱ्याची दिशा बघा आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला जा. डबे घेऊन जाणारे लोक दिसतील, त्यांच्यामागं जाऊ नका, मोबाइलवर चित्रण नको, काडी-सिगारेट नको. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारी माणसंही दगावली.

तुमचीच गाडी बंद पडली तर जमेल तितकी डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, आणि सगळ्यांना डाव्या दारानं उतरवा. लहान मुलं आधी. मग गाडीत किंवा गाडीच्या मागं उभं राहायचं नाही. लोखंडी कठड्याच्या पलीकडे, आणि गाडीच्या थोडं अलीकडे, म्हणजे ज्या बाजूनं वाहनं येतात त्या बाजूला. कुणी गाडीला धडकलं तर ती पुढे फेकली जाते. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागं ठेवा, ठेवायला जाताना कठड्याच्या आतून चाला आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, कुठूनही ११२. दुसऱ्या कुणाचा अपघात झाला असेल तर मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव-पत्ता सांगायची सक्तीही होत नाही. फोन करताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेची बाजू ते आधी सांगा, 'घाटात आहोत' एवढ्यावर कुणालाही गाडी सापडत नाही.